डाळ निघते आठ दिवसांत, पैसे येतात दोन महिन्यांनी

राज्याच्या अर्थव्यवस्थेत छोट्या उद्योगांचं स्थान काय, असा विषय निघाला की माणसं उलाढालीचे आकडे सांगू लागतात. अमक्याची उलाढाल बारा कोटी, तमक्याची वीस कोटी. पण राज्याच्या उत्पन्नात उलाढाल धरली जात नाही. तिथे धरलं जातं ते मूल्यवर्धन, म्हणजे विकलेल्या मालाच्या किमतीतून कच्चा माल, वीज, बारदान, भाडं-वाहतूक असा बाहेरून घेतलेला सगळा खर्च वजा केल्यावर जे उरतं ते. मजुरी, व्याज, घसारा आणि मालकाचा नफा या उरलेल्यातूनच निघतात.

खान्देशाला हा फरक नीट समजून घ्यायलाच हवा, कारण आपल्याकडे पिकतं भरपूर. रावेर-यावलची केळी, चोपडा-शिरपूरचा कापूस, नंदुरबारची मिरची, जळगाव-धुळ्याची तूर. यातला जो माल ट्रकमध्ये कच्चाच भरून बिजासन घाट चढून जातो किंवा नवापूरमार्गे गुजरातेत उतरतो, त्याच्यावरची पुढची मजुरी आणि नफा त्या राज्याच्या खात्यात जमा होतो. तोच माल इथे दळला, कातला, तळला, वाळवला तर तो पैसा जळगावच्या एमआयडीसीत, दोंडाईच्यात, सावद्यात फिरतो. देशाच्या एकूण मूल्यवर्धनात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा वाटा सुमारे ३० टक्के सांगितला जातो. तो वाटा नेमका कसा तयार होतो आणि कुठे गळतो, हे एका डाळमिलवरून चांगलं दिसतं.

तूर मिलमध्ये आली की आधी चाळण आणि डिस्टोनर, म्हणजे खडे वेगळे काढणारं यंत्र. काडी, माती, खडे निघतात. त्यानंतर दाण्याची प्रतवारी करावी लागते, आणि घाई असली की हीच पायरी गाळली जाते. बारीक-मोठा दाणा एकत्र रोलरवर गेला तर मोठ्या दाण्याच्या कडा झिजून भुकटी होते आणि बारीक दाण्याची साल तशीच राहते. प्रतवारी झालेली तूर एमरीच्या, म्हणजे खरखरीत लेप असलेल्या, रोलरवरून एकदा काढतात. या पहिल्या फेरीत साल निघत नाही, तिच्यावर फक्त ओरखडे पडतात. मग तेल चोळायचं, क्विंटलला साधारण २०० ते ५०० ग्रॅम. माल रचून ठेवला की तेल ओरखड्यांतून आत मुरतं आणि साल व डाळ यांच्यामधला चिकट थर सुटू लागतो. त्यानंतर दोन-तीन टक्के पाणी मारून रात्रभर ढीग, आणि मग अंगणात दोन-तीन दिवस ऊन.

ओलावा ९-१० टक्क्यांवर आला की माल पुन्हा रोलरवर जातो, तीन-चार फेऱ्या होतात. साल गेलेला अखंड दाणा म्हणजे गोटा. गोटा फोडून डाळ करतात, चाळतात, प्रत लावतात, पोती भरतात. पाणी जास्त झालं तर साल चिवट होते आणि एक फेरी वाढते. ऊन जास्त झालं तर दाणा ठिसूळ होऊन खंडा, म्हणजे तुटलेली डाळ, वाढतो. एमरी गुळगुळीत झाली तर साल राहते, म्हणून दाब वाढवला की पुन्हा खंडा. मार्च ते मे या काळात आपल्याकडचं ऊन फुकटचा ड्रायर आहे. जून ते सप्टेंबर मात्र अंगण निकामी होतं. ज्याच्याकडे ड्रायर नाही त्याची मिल या दिवसांत निम्म्यानेही चालत नाही, पगार आणि हप्ता तर पूर्ण द्यावा लागतो.

तुरीच्या दाण्यात साल असते १२ ते १५ टक्के. म्हणजे कागदावर क्विंटलमागे ८५ किलो डाळ निघायला हवी. प्रत्यक्षात चालू पद्धतीत ७० ते ७५ किलो निघते. म्हैसूरच्या सीएफटीआरआय संस्थेने गरम हवेची पद्धत विकसित केली आहे. तिच्यात तेल लागत नाही, उन्हावर विसंबावं लागत नाही आणि उतारा, म्हणजे क्विंटलमागे निघणारी डाळ, ८० किलोच्या आसपास जातो. यंत्राची किंमत आणि इंधनाचा खर्च यांमुळे छोटा मिलवाला तिच्याकडे वळायला कचरतो.

आता एका क्विंटलचा हिशेब मांडतो. भाव रोज हलतात, त्यामुळे आकडे समजण्यापुरते धरा. तूर ८,००० रुपये, म्हणजे २०२५-२६ च्या हमीभावाइतकी. ७२ किलो डाळ ११० रुपये दराने ७,९२० रुपये. १२ किलो चुनी-खंडा, म्हणजे भुकटी आणि तुकडे, २४ रुपयांनी २८८. १३ किलो टरफल १२ रुपयांनी १५६. बाकी ३ किलो धूळ आणि घट. एकूण ८,३६४ रुपये. यातून तुरीचे पैसे गेल्यावर ३६४ रुपये उरले. वीज, तेल, बारदान, बाजार फी, वाहतूक, दुरुस्ती यांचे १६४ धरले तर मूल्यवर्धन २०० रुपये. रोज ५० क्विंटल आणि वर्षाला ३०० दिवस अशी मिल चालली तर १५,००० क्विंटल होतात. उलाढाल साडेबारा कोटींची, आणि राज्याच्या उत्पन्नात पडलेली भर ३० लाखांची.

हा आकडा लहान वाटेल, पण तो कुणाकुणाच्या घरी जातो ते बघा. हमाल-मापाडी, रोलरवरचा कारागीर, निवडायला बसणाऱ्या बाया, मुनीम. शिवाय जे १६४ रुपये बाहेर गेले, तेही बरेचसे गावातच जातात. रोलरवर एमरीचा लेप चढवणारा, पट्टे आणि बेअरिंगचा दुकानदार, जाळ्या बदलणारा वेल्डर, मोटार गुंडाळून देणारा. जळगावात यंत्र बिघडलं तर दुपारपर्यंत माणूस येऊन उभा राहतो, कारण तशी पन्नास कामं त्याला आसपास मिळतात. मिल दूरच्या खेड्यात एकटी असेल तर तीच दुरुस्ती दोन दिवस अडते. उद्योग एकमेकांच्या आधाराने का वाढतात, याचं कारण इतकं साधं आहे.

उताऱ्याचं महत्त्वही याच हिशेबात आहे. एक किलो डाळ कमी निघून तिचा खंडा झाला तर ११० रुपयांची वस्तू २४ रुपयांत जाते. क्विंटलमागे ८६ रुपये गेले. मूल्यवर्धनाच्या २०० मधला जवळजवळ निम्मा भाग एका किलोत संपतो. नवीन मिलवाल्याने रंगीत पाऊच आणि ब्रँड यांच्या मागे लागण्याआधी ओलावा मोजण्याचं मीटर घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

पण चांगल्या उताऱ्याच्या मिलही बंद पडतात, आणि माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं कारण उधारी आहे. बाजार समितीत तुरीचे पैसे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी द्यावे लागतात. शेतकऱ्याला ते तसेच मिळाले पाहिजेत, त्यात वाद नाही. डाळ तयार व्हायला आठवडा, आणि पुढे घाऊक खरेदीदाराची तीन आठवड्यांची उधारी. म्हणजे महिनाभराचा पैसा, रोजच्या चार लाखांच्या हिशेबाने २५ कामाचे दिवस, एक कोटी रुपये कायम अडकलेले. निम्मे स्वतःचे आणि निम्मे बँकेचे ११ टक्क्यांनी धरले तर व्याज साडेपाच लाख, क्विंटलमागे ३७ रुपये. २०० मधून मजुरी-हमालीचे ८० आणि हे ३७ गेले की ८३ उरतात. त्यात घसारा आणि मालकाचं घर भागतं.

खरेदीदाराने आणखी एक महिना लावला की दुसरे एक कोटी अडकतात. तेही ११ टक्क्यांनी मिळाले तर क्विंटलमागे ७३ रुपये जादा, हातात राहिले १०. बँकेने नाही म्हटलं आणि बाहेरून महिन्याला शेकडा दोनने उचलले तर क्विंटलमागे १६० रुपये, म्हणजे सरळ तोटा. मिल तीच, माणसं तीच, उतारा तोच.

बँकेचं गणित इथे आणखी आवळतं. कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, मर्यादा मंजूर असली तरी दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून जितकी उचल बसते तितकीच मिळते. साठा आणि येणं यातून देणं वजा, त्यातून मार्जिन, म्हणजे मालकाने स्वतः घालायचा वाटा, वजा. ९० दिवसांवरचं येणं बँका साधारणपणे या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे ज्याचे पैसे अडकले त्याचीच उचल कमी होते, नेमकी गरज असताना. ऐन हंगामात, जानेवारी ते मार्च, तूर स्वस्त असताना हात रिकामे राहतात आणि मग जूनमध्ये चढ्या भावाने खरेदी करावी लागते.

यावर कायदा आहे आणि तो चांगला आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण काही झालं तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक रेट नावाच्या दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के झाले. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) कलमाने आलेल्या तरतुदीने, १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या आकारणी वर्षापासून, खरेदीदाराने मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्याला करपात्र उत्पन्नातून प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. हे कलम आल्यावर काही मोठ्या खरेदीदारांनी छोट्यांना उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे असलेली नोंद, रद्द करायला सांगितलं. तसं कधीच करू नये. नोंदणी गेली की दाद मागण्याचा पायाच जातो.

हा कायदा वापरायचा तर तयारी आधीपासून लागते. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर मोफत होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाला गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी, तर लघुउद्योगाला २५ कोटी आणि १०० कोटी अशी मर्यादा आहे. वरच्या हिशेबातली मिल उलाढालीमुळे लघु गटात बसते. नोंदणी माल पाठवण्याच्या आधीची हवी आणि नंबर प्रत्येक बिलावर छापलेला हवा. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्याला या तरतुदीचा फायदा मिळत नाही, त्यामुळे मिलवाल्याने तयार डाळ विकत घेऊन विकली असेल तर तिची बिलं वेगळी ठेवावीत.

माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती जपून ठेवा. खरेदीदाराने पोच झाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. तीन महिन्यांनी ‘डाळीत खंडा जास्त होता’ म्हणून बिल कापायला निघालेल्यासमोर हीच पावती उभी राहते. त्याच लॉटचा किलोभर नमुना सील करून ठेवला तर आणखी बरं. तक्रार केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर होते, ती याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाते. आधी समझोता, नाही जमला तर लवाद. निकाल खरेदीदाराच्या विरोधात गेला आणि त्याला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात ९० दिवसांची मुदत असली तरी वेळ जास्त लागतो, हे धरून चालावं. आणि खरं सांगायचं तर आपला मोठा ग्राहक तुटेल या भीतीने बहुतेक जण तक्रार करतच नाहीत. खरेदीदार २५० कोटींवरच्या उलाढालीची कंपनी असेल तर टीआरईडीएस, म्हणजे बिलांवर मुदतीआधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच, हा मार्ग बरा पडतो. अशा कंपन्यांना तिथे नोंदणी बंधनकारक आहे. त्यांनी बिल मान्य केलं की बँका बोली लावतात, पैसे लगेच मिळतात आणि पुढची वसुली बँकेची डोकेदुखी.

मिरचीची गोष्ट थोडी वेगळी. नंदुरबारच्या पथारींवर, म्हणजे उघड्या वाळवणाच्या जागांवर, ओली लाल मिरची पसरतात. चार किलोची वाळून साधारण एक किलो होते. ओलावा १०-११ टक्क्यांवर आला तरच ती साठवता येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरातला एक अवकाळी पाऊस सगळी पथारी काळी करतो, आणि बुरशी लागलेली मिरची तिखटातही चालत नाही. इथे उधारीपेक्षा छप्पर आणि सामायिक ड्रायर हीच मोठी गरज आहे. बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि पापड करणाऱ्या बचत गटांचंही तसंच. अशा छोट्या उद्योगांसाठी पीएमएफएमई या केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेत २०२५-२६ पर्यंत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, एका उद्योगाला कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवलेलं होतं, पण ते बँकेच्या कर्जाशी जोडलेलं होतं. यंत्र येतं आणि खेळत्या भांडवलाची सोय राहून जाते. प्रकल्प अहवालात यंत्राच्या शेजारी किमान दोन महिन्यांच्या कच्च्या मालाची रक्कम मांडायला बँकेत भांडून घ्यावं.

सीमेवरच्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, ही सवलत राज्याच्या आतल्या विक्रीपुरती आहे. रावेरहून बऱ्हाणपूरला केळीचे वेफर्स किंवा नंदुरबारहून सुरतेला तिखट, असा करपात्र माल परराज्यात विकला तर उलाढाल कितीही छोटी असो, आधी नोंदणी लागते. गाडी अडवल्यावर कळण्यापेक्षा पहिली ऑर्डर घेतानाच नंबर काढून घ्या. बऱ्हाणपूर रावेरपासून जळगावपेक्षा जवळ आहे, ग्राहक तिकडचा मिळणं साहजिक आहे.