दिवाळी अंकांची मुखपृष्ठं: यंदा काय काय हाती लागलं

यंदाची मोठी कमाई म्हणजे साठच्या दशकातले ‘दीपावली’चे काही अंक, मुखपृष्ठासकट. जुन्या बाजारात एका रविवारी मिळाले, तेही रद्दीच्या भावात.

‘मुखपृष्ठासकट’ हे मुद्दाम सांगतोय. वाचनालयात अंक बाइंडिंगला गेले की मुखपृष्ठं बऱ्याचदा फाडूनच टाकत. कथा-कविता जपल्या गेल्या, चित्रं गेली. त्यामुळे ‘दीपावली’चे चित्रकार दीनानाथ दलाल यांचं चित्र ग्रंथालयात शोधण्यापेक्षा पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर शोधावं, या मताचा मी आता पक्का झालोय. वाडे भराभर पाडले जातायत, म्हणून ओळखीच्या रद्दीवाल्यांना सांगून ठेवलंय: माळ्यावरचा गठ्ठा आला की सोडू नका, आधी फोन करा.

दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ १९४५ साली सुरू केला. चित्रकारच संपादक, त्यामुळे मुखपृष्ठाला तिथे मानाचं पान. यातल्या एका अंकावरची स्त्री लांबून पाहिली तर गाल कसे नितळ! भिंग धरलं की पिवळे, तांबडे, निळे ठिपके सुटे दिसतात. प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा, कागद तितक्या वेळा यंत्रातून जायचा. इथे तांबडा ब्लॉक केसभर सरकलाय आणि ओठांची लाली ओठांबाहेर गेलीय. उद्या चोख प्रत मिळाली तरी ही मी देणार नाही. छापणाऱ्याचा हात इतका स्पष्ट कुठे दिसतो?

‘आवाज’चे दोन-तीन अंक मिळाले, पण खिडक्या, म्हणजे उघडल्या की खालचं चित्र दिसणाऱ्या कागदी झडपा, शाबूत असलेला एकच. खिडकी उघडून-मिटून घडीवर फाटते, म्हणून मी ती सारखी उघडत नाही.

पावसाळा बरा गेला. आर्ट पेपर दमट झाला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंगच उपटून येतो. म्हणून प्रत्येक मुखपृष्ठाखाली बटर पेपर घातलाय, अंक आडवे ठेवलेत आणि गंजलेल्या पिना काढून त्याच भोकांतून सुती दोरा ओवलाय. लॅमिनेशन मात्र कुणी करू नका, कृपा करून. ते पुन्हा निघत नाही.

आता शोध ‘स्त्री’ मासिकाच्या तीसच्या दशकातल्या अंकांचा. कुणाकडे जोडप्रती असतील तर कळवा, बदल्यात ‘आवाज’चा एक अंक देईन. खिडकीवाला सोडून.