मल्टिचॅनेल फाइल्ससाठी प्लेअर निवडताना : माझा अनुभव

मीडिया प्लेअरच्या खोक्यावर ‘४के’ मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. एचडीआर असतं, रॅम किती आहे तेही असतं. पण ५.१ चॅनेलची (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, असे सहा वेगळे आवाज असलेली) फ्लॅक फाइल, म्हणजे गुणवत्ता न गमावता आकार कमी केलेली संगीताची फाइल, लावली तर सहा स्पीकरमधून सहा वेगळे आवाज येतील की दोनच, हे मला एकाही खोक्यावर लिहिलेलं सापडलं नाही. माझी सगळी निवड याच एका प्रश्नाभोवती फिरली, म्हणून तो प्रवास जरा सविस्तर लिहितो.

घरात ५.१ ची जुळणी आधीपासूनच होती. समोर तीन स्पीकर, बाजूला दोन, एक सबवूफर आणि या सगळ्यांना चालवणारा एचडीएमआयचा रिसीव्हर, म्हणजे आवाज उलगडून स्पीकरना वाटून देणारा अॅम्प्लिफायर. स्वतःच्या डिस्कवरून फाइल्स करून ठेवण्याचं काम गेली काही वर्षं सवडीनं चाललं होतं. सिनेमे आणि मैफिली एमकेव्ही या व्हिडिओ फाइलच्या प्रकारात होत्या, त्यांत डिस्कवरचा डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या पद्धतीचा आवाजाचा ट्रॅक जसाच्या तसा ठेवलेला. डीव्हीडी-ऑडिओवरचं संगीत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या ५.१ फ्लॅकमध्ये होतं. शिवाय थोड्या एसएसीडीच्या (सुपर ऑडिओ सीडीच्या) फाइल्स. हे सगळं एका जागी बसून, डिस्क न बदलता ऐकता यावं, एवढीच अपेक्षा होती.

मित्र म्हणाला, “अरे, टीव्हीलाच हार्ड डिस्क लाव की. हल्ली सगळं चालतं त्यावर.” लावली. चित्र उत्तम आलं. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर मात्र नुसतं ‘पीसीएम’ (आधीच उलगडलेला साधा डिजिटल आवाज) उमटलं आणि समोरचे दोन स्पीकर तेवढे बोलू लागले. टीव्हीतून रिसीव्हरकडे आवाज परत पाठवण्याची एआरसी नावाची सोय एचडीएमआय १.४ बरोबर २००९ मध्ये आली. तिच्यातून साधं डॉल्बी डिजिटल जातं, दोन चॅनेलचं पीसीएम जातं. सहा चॅनेलचं पीसीएम किंवा ट्रूएचडी जात नाही. त्यासाठी तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी लागते, ती २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये आली आणि माझ्या टीव्हीत ती नाही. ऑप्टिकल केबलचीही तीच गत. हिशेब करून पाहिला: सहा चॅनेल, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ९६,००० नमुने, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.८ मेगाबिट. ऑप्टिकलच्या वाटेनं इतका माल न्यायची सोयच नाही. त्यामुळे पहिला निर्णय तिथेच झाला. प्लेअर टीव्हीला लावायचा नाही, थेट रिसीव्हरला लावायचा आणि रिसीव्हरमधून चित्र पुढे टीव्हीला द्यायचं.

आता प्लेअर कोणता? इथे खरी मेख आहे, आणि ती समजेपर्यंत मला सगळेच प्लेअर सारखे वाटत होते. एकाच यंत्रातून आवाज बाहेर पडण्याचे दोन वेगळे रस्ते असतात. पहिला पासथ्रूचा. प्लेअर फाइलमधला डॉल्बी किंवा डीटीएसचा प्रवाह न उलगडता तसाच रिसीव्हरकडे ढकलतो आणि रिसीव्हर तो उलगडतो. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडीसाठी ही सोय एचडीएमआय १.३ पासून, म्हणजे २००६ पासून आहे. दुसरा रस्ता पीसीएमचा. प्लेअर स्वतःच फाइल उलगडतो आणि सहा किंवा आठ चॅनेल मोकळे करून पाठवतो. फ्लॅक फक्त या दुसऱ्या रस्त्यानंच जातं, कारण एचडीएमआयवरून फ्लॅक तसंच पाठवायची पद्धतच नाही.

याचा परिणाम असा की एखादा प्लेअर सिनेमासाठी पहिल्या नंबरचा असतो आणि संगीतासाठी निकामी. सिनेमा लावला की रिसीव्हरवर ‘ट्रूएचडी’ झळकतं, माणूस खूश होतो. त्याच प्लेअरवर ५.१ फ्लॅक लावली की तो गुपचूप सहाचे दोन चॅनेल करून टाकतो. अशा वेळी बाजूच्या चॅनेलमधलं काही पुढच्या दोनांत मिसळतं आणि सबवूफरचा स्वतंत्र चॅनेल तर बहुतेक वेळा सरळ गाळला जातो. ऐकणाऱ्याला गाणं ऐकू येतं, त्यामुळे काही हरवलंय हे लक्षातही येत नाही. लोकांच्या शिफारशी परस्परविरोधी का असतात, याचं उत्तर मला इथे मिळालं. सिनेमावाला आणि संगीतवाला एकाच यंत्राबद्दल खरं तेच सांगत असतात, पण वेगवेगळ्या रस्त्यांबद्दल.

पासथ्रूचा बाऊ मात्र जरा जास्तच केला जातो, असं माझं मत झालं आहे. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे दोन्ही लॉसलेस आहेत, म्हणजे मूळ आवाजातलं काहीच गमावत नाहीत. प्लेअरनं उलगडलं काय किंवा रिसीव्हरनं उलगडलं काय, हाती येणारे चॅनेल तेच. फार तर आवाजाची पातळी थोडी वरखाली वाटेल. फरक पडतो तो छताला स्पीकर असतील तर. अॅटमॉस आणि डीटीएस:एक्स यांत आवाजाची जागा सांगणारी जादा माहिती असते, ती उलगडलेल्या साध्या पीसीएममध्ये उरत नाही. ती हवी असेल तर पासथ्रू हवंच. माझ्या छताला पंखा आहे, स्पीकर नाहीत. त्यामुळे माझ्या यादीत पासथ्रू दुसऱ्या क्रमांकावर आणि मल्टिचॅनेल पीसीएम पहिल्या क्रमांकावर गेलं.

मग चाचणीच्या फाइल्स एका फोल्डरमध्ये काढल्या. कोणीही नवीन प्लेअर बघायला जाताना हा फोल्डर पेन ड्राइव्हवर न्यावा, असं मी आग्रहानं सांगेन. सगळ्यात उपयोगी फाइल मी घरीच केली: स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला, ‘डावा’, ‘उजवा’, ‘मधला’, ‘बाजूचा डावा’, ‘बाजूचा उजवा’ असं बोलून, आणि एकेक शब्द त्या त्या चॅनेलवर ठेवून सहा चॅनेलची फ्लॅक बनवली. सबवूफरच्या चॅनेलवर बोलून उपयोग नाही, तिथे खालच्या पट्टीतला घुमणारा सूर ठेवला. ही फाइल लावायची आणि खोलीच्या मधोमध उभं राहायचं, एका मिनिटात दूध का दूध होतं. मागून आणलेल्या एका छोट्या अँड्रॉइड प्लेअरवर ‘मधला’ हा शब्द चक्क बाजूच्या स्पीकरमधून आला. हा क्रमाचा घोळ असतो. फ्लॅकमध्ये चॅनेलची रांग डावा, उजवा, मधला, सबवूफर आणि मग बाजूचे दोन अशी असते. सिनेमाच्या ध्वनिमिश्रणात डावा, मधला, उजवा अशी रांग लावण्याची पद्धत आहे. एएसी या दुसऱ्या ऑडिओ प्रकारात तर मधला सर्वांत आधी येतो. कुठल्या तरी टप्प्यावर ही रांग चुकीची वाचली गेली की गायिका पाठीमागून गाऊ लागते.

याच प्लेअरनं दुसरी गोष्टही शिकवली. रिसीव्हरच्या रिमोटवर माहितीचं बटण असतं. ते दाबलं की आत येणारा सिग्नल नेमका काय आहे ते दिसतं. माझी फाइल ९६ किलोहर्ट्झची, तिथे दिसले ४८. अँड्रॉइडमध्ये ॲप्सचे आवाज साधारणपणे एका सामायिक मिक्सरमधून जातात आणि तो बऱ्याच यंत्रांत सगळं ४८ वर आणून ठेवतो. सिनेमाचा आवाज मुळातच बहुधा ४८ चा असल्यामुळे तिथे काही बिघडत नाही, संगीताला मात्र हा अकारण फेरफार सोसावा लागतो. तेव्हापासून मी कानांवर जितका विश्वास ठेवतो तितकाच त्या बटणावरही ठेवतो.

मैफिलींसाठी आणखी एक परीक्षा लागते. एक गाणं संपून टाळ्या सुरू असतात आणि टाळ्यांच्या मध्येच पुढचा ट्रॅक चालू होतो. प्लेअरला गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडू देता वाजवणं, जमत नसेल तर त्या जागी अर्धा क्षण शांतता पडते, टाळ्या कापल्या जातात आणि सभागृहात बसल्याची भावना तिथेच संपते. स्टिरिओमध्ये गॅपलेस नीट वाजवणारं यंत्र मल्टिचॅनेलमध्ये अडखळतं, हेही पाहिलं. त्यामुळे ही चाचणी सहा चॅनेलच्या फाइल्सवरच घ्यायची.

चित्राच्या बाजूनं मी एकाच गोष्टीवर अडून बसलो: सिनेमाच्या वेगानुसार टीव्हीचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र ताजं होतं तो आकडा) आपोआप बदलला पाहिजे. बहुतेक सिनेमे सेकंदाला २३.९७६ फ्रेम्सचे असतात. टीव्ही ६० वर अडकून राहिला तर एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा असं दाखवावं लागतं आणि कॅमेरा संथपणे बाजूला सरकताना दृश्य बारीक झटके देतं. शेवटची श्रेयनामावली वर सरकताना ते चटकन दिसतं. काही प्लेअर २३.९७६ च्या जागी नुसतं २४ देतात. तेही पुरेसं नाही; साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवली जाते आणि एकदा लक्षात आलं की नजर तिचीच वाट पाहत बसते.

पर्याय मग आपोआप कमी होत गेले. एनव्हिडिया शील्ड हा पासथ्रूसाठी भक्कम पर्याय आहे, छताला स्पीकर असलेल्या घरात मी तोच आधी बघेन. डून एचडी, झिडू असे खास याच कामासाठी बनवलेले प्लेअर आहेत. आणि तिसरी वाट म्हणजे छोटा संगणक घेऊन त्यावर फक्त कोडी हा प्लेअर प्रोग्रॅम चालवणारी लिब्रेईएलईसीसारखी प्रणाली टाकणं. मी तिसरी वाट धरली, २०१९ मध्ये आलेला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक घेऊन. एचईव्हीसी पद्धतीनं आकार कमी केलेले ४के व्हिडिओ तो हार्डवेअरवर उलगडतो, मधे अँड्रॉइडचा मिक्सर नाही, आणि नेटवर्कचा पोर्ट गिगाबिट आहे. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. अल्ट्रा एचडी डिस्कचा प्रवाह सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो आणि कित्येक टीव्हींचा नेटवर्क पोर्ट १०० मेगाबिटवरच संपतो. उणी बाजू म्हणजे पायवर डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार नाही. मला एचडीआर१० पुरतं. ज्याला पुरत नाही त्यानं या वाटेला जाऊ नये, हे आधीच सांगतो.

कोडी मुळात २००० च्या दशकाच्या सुरुवातीला एक्सबॉक्ससाठी लिहिलेला प्लेअर. २०१४ पर्यंत त्याचं नाव एक्सबीएमसी होतं. इतक्या वर्षांत सेटिंग्जचा डोंगर झालेला आहे, पण आपल्या कामाच्या गोष्टी मोजक्याच. सेटिंगची पातळी ‘एक्स्पर्ट’वर नेल्याशिवाय त्या सगळ्या दिसत नाहीत. ऑडिओमध्ये चॅनेलची संख्या ५.१ करायची. ही २.० वर राहिली तरी पासथ्रूमुळे सिनेमे सहा चॅनेलमध्ये वाजत राहतात आणि फक्त फ्लॅक स्टिरिओ होते. वर सांगितलेला दोन रस्त्यांचा घोळ इथे एका ओळीच्या सेटिंगमध्ये बसलेला आहे. आउटपुट ‘बेस्ट मॅच’वर ठेवलं की ९६ चं ९६ च जातं. ‘सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले’ बंद ठेवायचं, कारण ते चालू असताना पासथ्रू बंद पडतं. रिफ्रेश रेट बदलल्यावर क्षणभर थांबण्याचीही सोय आहे. ती वापरली, नाहीतर टीव्ही आणि रिसीव्हर एकमेकांशी जुळवून घेईपर्यंत सिनेमाची पहिली काही सेकंदं हातची जातात.

सगळं लावल्यावर आईच्या हातात टीव्हीचाच रिमोट दिला. एचडीएमआयमधल्या सीईसीमुळे तोच रिमोट कोडीला चालतो, दुसरा शोधावा लागत नाही. तिनं एक मैफल लावली, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, “तबला डाव्या बाजूला आहे ना रे?” होता. रिसीव्हरचं बटण दाबून पाहिलं: मल्टिचॅनेल, ९६ किलोहर्ट्झ.

एसएसीडीच्या फाइल्सचं काम अजून सुरू आहे. त्यांतला डीएसडी (एसएसीडीवरच्या आवाजाची पीसीएमहून वेगळी पद्धत) सिग्नल २.८२२४ मेगाहर्ट्झचा असतो. कोडी तो वाजवताना पीसीएममध्ये बदलतोच, म्हणून मी ते रूपांतर एकदाच नीट करून ठेवतो: २४ बिट, ८८.२ किलोहर्ट्झचं फ्लॅक. ९६ ऐवजी ८८.२ का, तर २.८२२४ मेगाहर्ट्झला ३२ नं भागलं की बरोबर तेवढेच येतात, गणित अपूर्णांकात जात नाही. एकेक अल्बम रूपांतरित झाला की आधी मधला स्पीकर ऐकून रांग तपासतो, मग दोन ट्रॅकमधला सांधा, आणि त्यानंतरच मूळ फाइल बॅकअपच्या डिस्कवर हलवतो.