चेटकीण अहिराणी बोलली ती रात्र

मी १९६८ साली पाचवीत आपल्या शाळेत आले. तेव्हा शाळेचं नाटकाचं पथक गावोगाव फिरायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. पथक म्हणजे चौदा-पंधरा मुलं, चित्रकलेचे सर, एक हार्मोनियम आणि एक लोखंडी पेटी. ती पेटी कधी एसटीच्या टपावर, कधी बैलगाडीत, तर नदीकाठच्या दोन-तीन गावांना चक्क डोक्यावरून गेलेली आहे. अमृतमहोत्सवी स्मरणिकेत या पथकाबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं असं मला फार वाटत होतं, म्हणून मीच लेखणी उचलली.

सुरुवात कशी झाली ते सरांनीच आम्हाला अनेकदा सांगितलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत ते मुंबईला बहिणीकडे गेले आणि तिथे त्यांनी मुलांसाठीचं नाटक पाहिलं. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. त्याआधी मुलांचं नाटक म्हणजे गॅदरिंगमधला अर्धा तास. पाठ केलेली भाषणं आणि समोर आईवडील. मोठ्या माणसांनी, मोठ्यांच्या नाटकाइतकीच मेहनत घेऊन, तिकीट लावून मुलांसाठी नाटक करायचं ही गोष्टच नवी होती. पुढे १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची बालनाट्य संस्था काढली. सर म्हणायचे, तिथली मुलं ट्रामने नाटकाला जातात, आपल्याकडे नाटकानेच मुलांकडे जायला पाहिजे.

आपल्या खानदेशाला फिरत्या नाटकाचं काही नवल नव्हतं. तमाशाचे फड यायचे, वहीगायन म्हणजे इकडची लोकगाणी व्हायची, डफ ऐकू आला की माणसं आपोआप ओट्यावरून उठायची. बालगंधर्वांना जळगावात मेहबूब खाँकडे गाण्याची तालीम मिळाली, हे तर आमच्याकडची जुनी माणसं कालच घडल्यासारखं सांगत. पण रात्रीच्या त्या सगळ्या खेळांत मुलं आईच्या मांडीवर झोपलेली असत. खास त्यांच्यासाठी असं काहीच नव्हतं.

नाटक सरांनी स्वतः लिहिलं. गोष्ट साधी. एक कायमची भुकेली चेटकीण गावाची विहीर गिळते, आणि चार मुलं तिच्या पोटातून पाणी परत मिळवतात. मी सातवीत असताना चेटकीण झाले आणि शेवटपर्यंत तीच राहिले.

चेटकिणीच्या नाकाबद्दल सांगितलंच पाहिजे. वर्तमानपत्रं दोन दिवस भिजत घालायची, पाट्यावर वाटायची आणि त्या लगद्यात मेथीचं पीठ कालवायचं. घरच्या बायका कागदाच्या टोपल्या करतात तसंच. मातीच्या साच्यावर तो लगदा थापून शाळेच्या गच्चीवर वाळवायचा. मेथीचा कडवट वास कधीच गेला नाही. नाक लावलं की तो वास आत भरायचा आणि त्या वासासरशी माझा आवाज बदलायचा. केस अंबाडीच्या वाखाचे. सफेदा आणि गेरू खोबरेलात कालवून तोंडाला फासायचे. गॅसबत्तीच्या उजेडात तो रंग मुलांना खरंच भीती वाटेल इतका चमकायचा. रंगमंच म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या दोन बैलगाड्या आणि त्यांवर फळ्या. पडदा बारदानाचा. जिनिंगवाल्या एका पालकांनी ते बारदान दिलं होतं, म्हणून पडद्याला सरकीचं तूस चिकटलेलं असे आणि पहिल्या प्रवेशात कुणीतरी हमखास शिंकायचं.

आता त्या रात्रीबद्दल. सोनवदच्या बाजूचं एक गाव होतं. दिवाळी होऊन गेलेली, ज्वारीची कणसं खळ्यावर आलेली. माणसं जमली, पण नाटक काही चढेना. आमची भाषा पुस्तकातली होती. ‘कोण आहे रे तिकडे? मला भूक लागली आहे!’ मुलं नुसती बघत होती. हसू नाही, भीती नाही. दुसऱ्या प्रवेशात माझा पाय फळीच्या फटीत अडकला, मी वाकले, वाक्य विसरले, आणि तोंडातून घरची अहिराणी बोली निघून गेली : ‘कोन शे रे तठे? माले भूक लागनी!’

क्षणभर सगळं शांत. मग मागच्या बाजूने एका म्हाताऱ्या आजीचा आवाज आला, ‘ये वं माय, भाकर खाई ले!’ आणि सगळं पटांगण फुटलं. त्यानंतर मुलांनी नाटक आमच्या हातात राहूच दिलं नाही. चेटकीण कुठे लपली, विहीर कुठल्या कुशीत आहे, सगळं ओरडून सांगायला लागली.

मी घाबरले होते. वर्गात अहिराणी बोलणाऱ्याला छडी मिळालेली मी एका दुसऱ्या शाळेत पाहिली होती. प्रयोग संपल्यावर सर पेटीजवळ आले, नाक माझ्या हातातून घेऊन जपून फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाले, ‘उद्यापासून चेटकीण अशीच बोलेल. बाकीच्यांनीही आपापली वाक्यं घरी जाऊन आईला म्हणून दाखवा. ती कशी म्हणते ते लिहून आणा.’

हे वाक्य मी आयुष्यभर जपलं आहे. आमच्या आया नाटककार झाल्या. दुसऱ्या आठवड्यात सगळी मुलं कागद घेऊन आली, आणि त्यात सरांच्या गोष्टीपेक्षा किती तरी जास्त मजा होती.

मात्र मुली गावोगाव नाचतात अशी कुजबुज सुरू झाली आणि आमच्या आबांनी मला एक वर्ष घरी बसवलं. सर ओसरीवर येऊन बसले. आबा काही बोलत नव्हते. शेवटी आजीच म्हणाली, ‘पोरेसले हसाडस ती, त्यामा काय वाईट शे?’ आणि तो विषय संपला. आजीपुढे आबांचं काही चालत नसे.

तापी ओलांडून चोपडा, यावल, फैजपूरकडे गेलो की अहिराणी पुरेशी पडत नसे. तिकडे लेवा गणबोली, बहिणाबाई चौधरींची बोली. ‘माले’चं ‘मले’ करायचं, ‘शे’ टाळायचं. वर्गातली एक मैत्रीण मूळची तिकडची होती, तिने एसटीत बसल्या बसल्या आमच्याकडून ते घोकून घेतलं. सातपुड्याच्या पायथ्याला मात्र आमचे सगळेच उपाय थकले. तिथे पावरी ही आदिवासी बोली बोलणारी मुलं होती. सरांनी आमची निम्मी वाक्यं काढून टाकली आणि गावातल्याच एका दहा-बारा वर्षांच्या मुलाला बाजूला उभं केलं. आम्ही करू ते तो सांगायचा. पाच मिनिटांत तो सूत्रधार झाला. आम्ही फक्त त्याची पात्रं होतो.

१९७२ चा दुष्काळ आला. शाळेतली निम्मी मुलं आईबापांबरोबर खडी फोडायला जात होती, दुपारी दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खात होती. विहीर गिळणाऱ्या चेटकिणीचं नाटक अशा वेळी करावं का, यावर सर पुष्कळ दिवस विचारात होते. शेवटी एका पाझर तलावाच्या कामावर आम्ही गेलो. आमच्या नाटकात शेवटी विहिरीचं पाणी परत येतं. त्यासाठी आईचं जुनं निळं लुगडं होतं. दोघांनी दोन टोकं धरायची आणि लाटांसारखं हलवायचं. इतर गावांत या जागी टाळ्या पडत. तिथे कुणी टाळी वाजवली नाही. हातात टोपल्या घेतलेल्या बायका, अंगावर पांढरी धूळ असलेली मुलं, सगळे त्या लुगड्याकडे बघत राहिले. सरांनी बाजूने खूण केली, थांबू नका. आम्ही हलवत राहिलो. हात भरून आले तरी हलवत राहिलो. बघता बघता एक लहान मुलगी पुढे आली आणि लुगड्याखाली जाऊन बसली. तिच्या पाठोपाठ आणखी बरीच.

मी मॅट्रिक होऊन बाहेर पडले. पुढे दोन-तीन वर्षांत सर निवृत्त झाले आणि पथक थांबलं. आता जळगावात राज्य बालनाट्य स्पर्धेचे प्रयोग होतात, प्रकाशयोजना असते, मुलं किती धीटपणे बोलतात! मी जमेल तेव्हा जाते आणि अहिराणी ऐकू आली की कान टवकारते.

पेटी कुठे गेली कोण जाणे. पण सरांची प्रयोगांची वही त्यांच्या घरच्यांनी मला दिली. तारीख, गाव, मिळालेलं धान्य, जेवण कुणाकडे झालं (कळण्याची भाकरी आणि ठेचा असा उल्लेख तर पानोपानी), असे रकाने आहेत. सोनवदकडच्या त्या रात्रीनंतर सरांनी पट्टीने रेघ मारून एक रकाना वाढवला आहे. त्याचं नाव ‘बोली’. गावापुढे अ., ले., पा. अशी अक्षरं. काही गावांपुढची जागा मोकळी आहे, आणि दोन पानांची शाई पाण्याने पसरली आहे, गावांची नावं लागत नाहीत.

महोत्सवाच्या दिवशी ही वही मी चित्रकलेच्या खोलीत टेबलावर ठेवणार आहे, शेजारी पेन्सिल ठेवीन. ज्यांच्या गावात आम्ही आलो होतो, ज्यांच्या आईने आम्हाला जेवू घातलं, त्यांनी या आणि त्या मोकळ्या जागा भरा.