वीतभर माती, खाली कातळ

पश्चिम टेक्सासमधल्या एका छोट्या गावाचं नाव मॅरेथॉन आहे. पाटीपाशी जे विनोद व्हायचे ते आम्ही करून घेतले आणि ९० नंबरच्या हायवेने पूर्वेला, सँडरसनच्या वाटेला लागलो. हा सगळा चिवावा वाळवंटाचा उत्तरेकडचा पट्टा. वाळवंट म्हटलं की मला वाळूचे ढिगारे आठवतात, पण इथे वाळू शोधावी लागते. दिसतात त्या पायऱ्यापायऱ्यांच्या करड्या चुनखडकाच्या टेकड्या, आणि त्यांच्यावर शिंतोडे उडवल्यासारखी झुडपं.

ओळखीच्या ओळखीतून एका रँचवर दोन दिवस राहायची सोय झाली होती. मालक सत्तरीचे, मोजकं बोलणारे. मी इथली माती बघायला आलोय हे ऐकून म्हणाले, "माती? ती आधी सापडायला हवी." आणि फावडं न देता त्यांनी माझ्या हातात पहार ठेवली.

कुंपणाचा एक खांब बदलायचा होता, तिथेच खोदायला घेतलं. पहिला घाव ठण्ण. दुसराही ठण्ण. तिसऱ्याला पहार दगडांच्या फटीत शिरली आणि मूठभर भुरकट माती निघाली. अर्ध्या तासात जेमतेम वीतभर खड्डा झाला आणि पहार अशी आपटली की खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. खाली सलग कातळ. मालक पलीकडे बोट दाखवत म्हणाले, "म्हणून आम्ही खांब असे उभे करतो." तिकडे तारेच्या जाळीचा गोल पिंजरा होता, दगडांनी गच्च भरलेला, आणि त्याच्या मधोमध खांब. जमीन खांब धरत नाही, तर दगडांनी धरावा. हे त्यांनी आधी दाखवलं असतं तर माझा अर्धा तास वाचला असता.

मातीशास्त्राच्या भाषेत कातळ ५० सेंटिमीटरच्या आत लागला की जमीन उथळ, २५ च्या आत लागला की अति उथळ. आणखी एक नियम मला फार गमतीचा वाटतो: २ मिलिमीटरपेक्षा मोठं जे काही असेल ते माती म्हणून मोजायचंच नाही, ते दगडगोटे. मी खड्ड्यातून निघालेला माल बादलीत भरून हाताने निवडला. निम्म्याहून जास्त दगडच. उरलेली माती फिकट, पिठासारखी. बोटांत चोळली की कोरडी पडायची आणि नखात पांढरी पूड बसायची. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर आणून चार थेंब टाकले, तर सोडा टाकल्यासारखी फसफसली. माती काय, चुनाच. अशा जमिनीत लोह आणि स्फुरद असूनही झाडांना सहज मिळत नाही.

सगळ्यात छान वस्तू मात्र निवडून बाजूला टाकलेल्या ढिगात होती. मुठीएवढा एक दगड उलटा केला. वरची बाजू करडी, स्वच्छ. खालच्या बाजूला पांढरी खरबरीत पुटं, पणतीच्या तळाला वाळलेल्या मेणासारखी. दुसरा उचलला, तोही तसाच. पाऊस पडतो, पाणी वरच्या मातीतला थोडा चुना विरघळवून खाली नेतं. पण पाऊस इतका तुटपुंजा की ते पाणी खोल जातच नाही. दगडाच्या बुडाला थेंब लोंबकळतो, तिथेच सुकतो, चुना मागे ठेवून जातो. हजारो वर्षं हेच. पुढे ही पुटं एकमेकांना भिडतात आणि जमिनीखाली सिमेंटसारखा थर तयार होतो. इथले लोक त्याला कलीची म्हणतात. गाईल, पीटरसन आणि ग्रॉसमन या तिघा मातीशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये या साठ्याच्या चार पायऱ्या मांडल्या, आणि पुटांच्या जाडीवरून जमिनीच्या वयाचा अंदाज बांधता येऊ लागला. म्हणजे दगड उलटा करून जमिनीचं वय विचारायचं.

आता हिशोब. वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर जमीन. त्यातले १२ सेंटिमीटर दगडांचे धरले, तर माती राहिली ८ सेंटिमीटर. चांगली पोयटा माती झाडाला उपयोगी पडेल असं पाणी सुमारे १५ टक्के धरते. म्हणजे सगळी मिळून १२ मिलिमीटर! एक बऱ्यापैकी सर आली की भांडं भरलं. मग ही झुडपं जगतात कशावर? मी ते विचारलं, तर मालकांनी बादलीतलं उरलेलं पाणी खड्ड्यात ओतलं. कातळावर क्षणभर थारोळं झालं, एका कोपऱ्यात बुडबुडा आला आणि पाणी गडप. कातळाला भेग होती.

दगडांना शिव्या देणं मी तिथेच थांबवलं. दगडावर पडलेला थेंब त्यात मुरत नाही, घरंगळून शेजारच्या चिमूटभर मातीत जातो. म्हणजे त्या मातीला स्वतःच्या वाट्यापेक्षा जास्त पाऊस मिळतो. वरून दगडांचं पांघरूण असल्याने ऊन थेट लागत नाही. भारी चिकणमातीत हाच पाऊस वरच्या दोन बोटांत अडकून उडून गेला असता.

अर्थात गवताला एवढं पुरत नाही. गाय दिवसाला सुमारे १२ किलो सुकं वैरण मागते, आणि इथे एकराला किती गाई असं कुणी विचारत नाही, गाईला किती एकर असं विचारतात. जमीन सेक्शनमध्ये मोजतात. एक सेक्शन ६४० एकरांचा. १८८० च्या दशकात रेल्वे आली, तिच्यामागून गुरंमेंढरं आली. चांगलं गवत खाऊन संपलं की उतारावरची माती वाहून जाते, आणि वीतभरातली चार बोटं गेली तर परत यायची कधी? मालक यावर काहीच बोलले नाहीत. फक्त दोन वर्षं बंद ठेवलेल्या कुरणाचं फाटक दाखवलं.

परतताना लेचुगियाचा काटा जाड पँटमधून पोटरीत घुसला. घायपाताचंच हे भावंड, गुडघ्याएवढं. पात्याचं टोक दाभणासारखं. तो काढायला गाडी थांबवली ती नेमकी रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या कडेशी. एका हाताने पोटरी दाबत वर पाहिलं. माथ्यावर क्रिओसोटचं एक कमरेएवढं झुडूप होतं. त्याखाली मातीची पातळ करडी रेघ, आणि मग कातळाच्या उभ्या भेगेतून उतरलेली मुळी. दोन्ही बाजूंनी दाबून पट्टीसारखी चपटी झालेली. मी नजरेने मोजत खाली आलो. माझ्या उंचीच्या खालीही ती संपली नव्हती, रस्त्याच्या डांबराखाली गेली होती.