फुगलेली बॅटरी

आज ठाणे स्टेशनजवळ बाबांचा फोन दुरुस्तीला नेला. बॅटरी फुगून स्क्रीन वर उचलली गेली होती, बाकी फोन ठणठणीत. दुकानातल्या पोराने गरम हवेने कडा तापवल्या, पातळ पट्टी सरकवत गोंद सोडवला, तरी कोपऱ्यात काच तडकलीच. त्याचा काही दोष नाही, बॅटरी आत चिकटवूनच टाकतात! पूर्वी मागचं झाकण नखाने निघायचं.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय: मॉडेलची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. असा कायदा आपल्याकडेही हवाच. चार वर्षांचा चांगला फोन भंगारात का जावा?

बाबांनी तिथे एकच विचारलं, "आईचे फोटो राहतील ना रे?"

राहिलेत, बाबा. सगळे.