‘पदवी पूर्ण: हो / नाही’ या रकान्यात अडकलेलं शेवटचं वर्ष: माझा अनुभव

शेवटच्या सेमिस्टरमध्ये नोकरी शोधताना लेखी चाचण्या जमल्या, मुलाखतीही जमल्या. अडकले ती ऑनलाइन अर्जात, आणि त्यातही ‘शिक्षण’ या एकाच पानावर. ऑफर हातात येऊनही त्या पानाचा राग गेलेला नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पदवीचं नाव, विद्यापीठ, उत्तीर्ण झाल्याची तारीख, अंतिम गुण. चारही रकान्यांपुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. निकालाला चार महिने बाकी. तारखेत पुढचा महिना निवडला की ‘अवैध तारीख’. रिकामं सोडलं की ‘हा रकाना भरणे आवश्यक’. बरं, जागा कोणासाठी? जाहिरातीत लिहिलेलं, ‘शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी अर्ज करू शकतात’. ज्यांना बोलावलं त्यांनाच दारात अडवायचं, असा हा प्रकार.

कारण साधं आहे. बहुतेक कंपन्या तयार सॉफ्टवेअर वापरतात आणि सगळ्या पदांना एकच साचा लावतात. तो साचा अनुभवी माणूस डोळ्यापुढे ठेवून केलेला असतो. भरती करणाऱ्याने मुद्दाम बदलला नाही, तर फ्रेशरलाही तेच प्रश्न येतात. त्यातला सगळ्यात घातक म्हणजे ‘पदवी पूर्ण झाली आहे का? हो / नाही’. असे प्रश्न गाळणीसारखे लावता येतात, म्हणजे ‘नाही’ म्हटलं की अर्ज आपोआप बाद. अर्ज पाठवल्यावर पाच-दहा मिनिटांत नकाराची मेल आली, तर तो कोणी वाचलेलाच नाही असं खुशाल समजा आणि स्वतःला कमी लेखू नका.

मग करायचं काय? घाईघाईने ‘सबमिट’ दाबायचं नाही. एकदा बाद झालेल्या ईमेलवरून त्याच पदासाठी पुन्हा अर्ज बऱ्याच ठिकाणी करता येत नाही. आधी जाहिरातीतले शब्द नीट वाचा. ‘अर्जाच्या तारखेला पदवी आवश्यक’ आणि ‘रुजू होताना पदवी आवश्यक’ या दोन वेगळ्या अटी आहेत. दुसरी असेल, किंवा काहीच स्पष्ट नसेल, तर एचआरला तीन ओळींची मेल करा: कोणत्या पदासाठी अर्ज करताय, निकाल कोणत्या महिन्यात अपेक्षित आहे, आणि या रकान्यात काय भरायचं. सोबत अडलेल्या पानाचा स्क्रीनशॉट. उत्तर आलं की जपून ठेवा, पुढे कागदपत्रं तपासताना तेच दाखवायचं असतं. दोन कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा, पण शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी नको.

पूर्ण झाली नसताना ‘हो’ मात्र कधीच लिहू नका. नंतरच्या पडताळणीत विद्यापीठाकडे थेट विचारणा होऊ शकते, आणि खोटी माहिती सापडली तर रुजू झाल्यावरही नोकरी जाऊ शकते. तारखेच्या रकान्याने ऐकलंच नाही तर ‘इतर माहिती’ची चौकट शोधा. ती बहुधा शेवटच्या पानावर असते. तिथे पहिल्याच वाक्यात लिहा: ‘शेवटचं सेमिस्टर सुरू आहे, निकाल अमुक महिन्यात अपेक्षित.’ सीव्हीतही पदवीच्या पुढे ‘अपेक्षित’ हा शब्द हवाच.

गुणांचं तसंच. आतापर्यंतच्या सेमिस्टरची सरासरी द्या आणि ‘पाचव्या सेमिस्टरपर्यंत’ असं जोडा. ग्रेड पॉइंटचे टक्के करताना सरळ दहाने गुणू नका. विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र असेल, तेच लावा, नाहीतर गुणपत्रकाशी आकडा जुळत नाही. ६.९६ चे ७ करू नका. अट ७ ची असेल तर तो फरक पात्र-अपात्रतेचा आहे.

याच पानावर दुसरा ताप म्हणजे ‘सीव्हीतून माहिती आपोआप भरा’ हे बटण. माझ्या दोन रकान्यांच्या देखण्या सीव्हीतून त्याने कॉलेजचं नाव उचललं आणि त्याला शेजारच्या रकान्यातली कौशल्यं चिकटवली. पीडीएफमध्ये अक्षरं पानावर कुठे बसतात ते नोंदलेलं असतं, कोणती ओळ कोणत्या ओळीनंतर वाचायची ते असेलच असं नाही. म्हणून सॉफ्टवेअर आडवं वाचत गेलं की दोन्ही रकाने एकमेकांत मिसळतात. तपासणी एका मिनिटाची आहे: पीडीएफ उघडा, सगळं निवडून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जो क्रम दिसेल, साधारण तोच त्या यंत्राला दिसतो. काहीच पेस्ट झालं नाही तर तुमची फाइल म्हणजे नुसतं चित्र आहे. स्कॅन केलेल्या सीव्हीचं असंच होतं. काही फॉन्टमध्ये इंग्रजी एफ आणि आय ही अक्षरं जोडून एकच आकार होतो, मग ‘फायनान्स’ पेस्ट करताना पहिली दोन अक्षरं गायब होऊन तिथे चौकोन येतो. फॉन्ट बदलला की प्रश्न मिटतो. एकच रकाना, साधी शीर्षकं, तक्ते नाहीत, आणि फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये न टाकता मजकुरात. काही सॉफ्टवेअर हेडर वाचतच नाहीत.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: अर्जात कॉलेजचा ईमेल देऊ नका. पदवीनंतर ते खातं बंद होऊ शकतं, आणि ऑफर नेमकी त्याच सुमाराला येते. लांब उत्तरं आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवा, कारण पान बराच वेळ उघडं राहिलं की लॉगिन संपतं आणि लिहिलेलं जातं.

फॉर्मवरच अवलंबून राहू नका, हेही तितक्याच कळकळीने सांगते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं, की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. ‘अधूनमधून’ म्हणणारे ५५.६ टक्के, ‘क्वचितच’ म्हणणारे २७.८ टक्के, आणि ‘नेहमी’ म्हणणारे फक्त १६.७ टक्के. जवळच्या मित्रांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. तेव्हा दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या सीनियरना लिहायला संकोच करू नका. नोकरी मागू नका, ‘तुमच्याकडे फ्रेशरचे अर्ज खरंच कोण बघतं?’ एवढंच विचारा. त्या एका नावाने अडलेला अर्ज माणसापर्यंत पोचतो.

मुलाखतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ‘तुमच्याबद्दल सांगा’चं उत्तर दीड मिनिटात बसवा. ग्रुप प्रोजेक्टवर बोलताना ‘आम्ही’च्या मागे लपू नका, तुम्ही स्वतः काय केलं, कुठे अडलं, काय बदललं, शेवटी काय हाती लागलं, याच क्रमाने सांगा. प्रोजेक्टमधला प्रत्येक आकडा कुठून आला ते माहीत हवं, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो. ऑनलाइन असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत, उजेड समोरून, आणि लॅपटॉपचं अपडेट आदल्या रात्री उरकलेलं. उठण्याआधी ‘पुढचा टप्पा काय आणि साधारण कधीपर्यंत कळेल?’ हे विचाराच. दिलेली तारीख उलटून दोन दिवस गेले की आधीच्याच मेलला उत्तर म्हणून एक मेल टाका.

ऑफर आल्यावर पदवीचा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो, फक्त आता बारीक अक्षरात. ‘रुजू होताना पदवी प्रमाणपत्र सादर करावे’ असं वाक्य असेल तर सही करण्याआधी थांबा. मूळ प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळतं, आणि तो निकालानंतर कित्येक महिन्यांनी असू शकतो. तात्पुरतं प्रमाणपत्र आणि शेवटच्या सेमिस्टरचं गुणपत्रक चालेल का, ते एचआरकडून मेलवर लिहून घ्या, आणि निकाल लागला त्याच दिवशी तात्पुरत्या प्रमाणपत्राचा अर्ज टाका.