‘जेवलीस का?’ला आपल्याकडे ‘नाही’ म्हणत नाहीत

निपाणीत आमच्या गल्लीत कुणी दारात आलं की चप्पल काढायच्या आत प्रश्न येतो, ‘जेवलासा?’ कानडी शेजारीण असली तर ‘ऊटा आय्ता?’ दोन्हीचं उत्तर ठरलेलं, ‘झालं की!’ पोटात कावळे ओरडत असले तरी झालं की. लहानपणी एकदा मी शेजारणीला खरं उत्तर दिलं होतं. घरी आल्यावर आईनं जे सुनावलं ते अजून आठवतं.

बॉस्टनला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात हा प्रश्न मला नडला.

मी इथं एका दवाखान्यात नर्स आहे. मोठं हॉस्पिटल नव्हे. बीपी, शुगर, लसी, ड्रेसिंग असा रोजचा राबता. येणारे बरेचसे हैती, केप व्हर्दे, डॉमिनिकन रिपब्लिक अशा ठिकाणांहून आलेले. त्या दिवशी केप व्हर्देचे एक आजोबा आले. डिसेंबरची २८ तारीख, बाहेर बर्फ आणि यांच्या कपाळावर घाम. हात थरथरत होते. बोट टोचून बघितलं तर शुगर ५२, फारच उतरलेली. संत्र्याचा रस पाजला, पंधरा मिनिटांनी परत टोचलं, ७८ झाली, तेव्हा कुठं चेहऱ्यावर रंग आला. दुभाषी फोनवर होती. मी विचारलं, ‘सकाळी जेवलात का?’ आजोबा म्हणाले, हो, हो. मी तसं लिहूनही टाकलं.

शेजारी आमची सीनियर उभी होती, हैतीची. तिनं माझ्या हातातला फोन घेतला आणि वेगळंच विचारलं, ‘या महिन्याचे कार्डावरचे पैसे कुठल्या तारखेपर्यंत पुरले?’ आजोबा गप्प. मग दुभाषीचा आवाज आला, ‘एकवीस म्हणतायत.’ शुगरची गोळी मात्र ते रोज सकाळी न चुकता घेत होते. डॉक्टरांनी सांगितलंय ना!

हे कार्ड म्हणजे ‘स्नॅप’ योजनेचं. गरीब घरांना सरकार महिन्यातून एकदा त्यावर पैसे टाकतं. त्यातून किराणा घेता येतो, गरम तयार जेवण नाही. संपले की पुढच्या महिन्याची वाट बघायची. कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांच्या नोंदींवरून २०१४ साली एक अभ्यास छापून आला. शुगर एकदम उतरली म्हणून भरती होणाऱ्या गरीब पेशंटांचं प्रमाण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या आठवड्यापेक्षा २७ टक्क्यांनी जास्त निघालं. खात्यापित्या घरांत असा फरक दिसला नाही. ‘अमेरिकेत कोण उपाशी राहतंय?’ असं गावाकडून मला नेहमी विचारतात. इथल्या कृषी खात्याच्याच हिशोबात २०२३ साली १३.५ टक्के घरांना वर्षभर पुरेसं खायला मिळेल याची खात्री नव्हती.

अशी घरं ओळखायला इथले दवाखाने दोन वाक्यं वापरतात. सरकारच्या अठरा प्रश्नांच्या पाहणीतून ती निवडली आणि २०१० साली बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापली. पहिलं असं, ‘गेल्या बारा महिन्यांत, हातात पैसे यायच्या आधीच घरातलं खाणं संपेल याची आम्हाला काळजी वाटली.’ दुसरं, ‘आणलेलं पुरलं नाही आणि परत आणायला पैसे नव्हते.’ उत्तरं तीन, ‘बरेचदा’, ‘कधीकधी’, ‘कधीच नाही’. कुठल्याही एका वाक्यापुढे ‘बरेचदा’ किंवा ‘कधीकधी’वर खूण आली की पुढचं काम सुरू करायचं.

यात ‘तुम्ही उपाशी आहात का’ कुठंच नाही. आज काय खाल्लं हेही नाही. काळजी वाटली का, आणलेलं पुरलं का, एवढंच. ‘काळजी वाटली’ म्हणायला माणूस लाजत नाही. ‘जेवलो नाही’ म्हणायला जीव गेला तरी तयार होत नाही.

अर्थात वाक्यं चांगली असली म्हणून विचारणारी शहाणी असतेच असं नाही. मी एकदा काउंटरवर उभी राहूनच, मागे रांग असताना, एका बाईला ती दोन्ही वाक्यं मोठ्यानं वाचून दाखवली. तिची लेक बोट धरून उभी. बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘कधीच नाही.’ दोन महिन्यांनी त्या लेकीचं वजन वाढायच्या ऐवजी उतरलेलं. या वेळी खोलीत, दार लावून, कागद आणि पेन तिच्या हातात दिलं. तिनं ‘बरेचदा’वर खूण केली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘हे वाचून माझं मूल काढून तर नेणार नाहीत?’ ही भीती मला सुचलीच नव्हती. तेव्हापासून मी कागद देताना आधी सांगते, हे आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, डॉक्टरच्या बायकोलासुद्धा.

आणि ‘हो’ म्हटल्यावर पुढं काय, हे ठरलेलं नसेल तर विचारूच नये, असं माझं ठाम मत झालंय. आमच्याकडे त्याच दिवशी एकजण शेजारी बसून स्नॅपचा अर्ज भरून देते. पेशंटच्या कागदावर निदानाचा कोडसुद्धा लिहिला जातो, झेड ५९.४१. म्हणजे बीपी, दमा यांच्या रांगेत ‘घरात पुरेसं अन्न नाही’ हेही येतं. पुढच्या खेपेला दुसरा डॉक्टर बसला तरी त्याला दिसतं. बॉस्टन मेडिकल सेंटरमध्ये तर २००१ पासून हॉस्पिटलच्या आतच धान्याचं कोठार आहे. मी मुद्दाम बघून आले. डॉक्टर चिठ्ठी लिहितो, ती दाखवून महिन्यातून दोनदा साऱ्या घराला तीन-चार दिवस पुरेल एवढं खाणं नेता येतं. किडनीवाल्याला वेगळं, शुगरवाल्याला वेगळं. एक बाई पिशवीत पालक भरता भरता मला म्हणाली, ‘हे माझं औषध आहे.’ चिठ्ठी होती म्हणून तिची मान ताठ होती.

गेल्या मार्चमध्ये निपाणीला आले तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. मावशी नळावर पडली होती. ‘उन्हानं चक्कर आली,’ घरच्यांचं एकमत. मावशी विड्या वळते, चाळीस वर्षं झाली. तिचे कागद बघितले तर महिन्यापूर्वी शुगरची गोळी दुप्पट केलेली. डॉक्टरांनी विचारलं होतं म्हणे, ‘आजी, वेळेवर जेवता ना?’

‘मग तू काय सांगितलंस?’

‘होय की, म्हटलं.’

मी जरा वेळ तिच्याजवळ बसले. ती पानं कातरत होती. मग विचारलं, ‘मावशी, जोंधळं महिन्याच्या कुठल्या तारखेपर्यंत पुरत्यात?’

कात्री थांबली. ‘तारीख कशाला बघतीस? रेशनचा तांदूळ हाय की.’

तांदूळ आहे, हे खरंच. कर्नाटक सरकारची रेशनची अन्नभाग्य योजना २०१३ साली आली आणि या बायकांच्या घरात चूल विझायची थांबली, त्याबद्दल कुणी नावं ठेवू नयेत. पण डाळ, तेल, जोंधळं बाजारातनं. वीस तारखेनंतर आमटी पातळ होते, भाकरी आधी नवऱ्याला आणि पोराला, मग उरली तर हिला. सकाळी कोऱ्या चहाबरोबर गोळी, पहिला घास दुपारी दोनला, आणि रात्री ताटभर नुसता भात. म्हणजे दुपारी शुगर तळाला, रात्री डोक्यावर. तपासणीच्या दिवशी चढलेली सापडली, म्हणून डोस वाढला. घरातल्या बाईला सरकारकडून महिन्याला मिळणारे गृहलक्ष्मीचे २००० रुपये नातवाच्या शाळेत जातात.

मी तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. माणूस वाईट नाही, सकाळभरात शंभर पेशंट बघतो. त्यांना जोंधळ्यांची तारीख सांगितली. त्यांनी चष्मा काढला, मावशीकडे बघितलं, जेवण नसतानाही शुगर पाडणारी ती गोळी बंद केली आणि दुसरी लिहिली. ‘ही पहिल्या घासाबरोबर. घास नाही तर गोळी नाही.’ सगळं मिळून दोन मिनिटं लागली. (तुमच्या घरी कुणी अशी गोळी घेत असेल तर परस्पर बंद करू नका, जाऊन सांगा.)

नवीन योजनांची वाट बघायला नको, असलेल्याच पुष्कळ आहेत. टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. मंगळूरच्या येनेपोया मेडिकल कॉलेजच्या डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये टीबीच्या पेशंटांना आणि त्यांच्या घरच्यांना दर महिन्याला धान्य-डाळ दिली. घरच्यांमध्ये नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. २०२३ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं. गरोदर आणि बाळंतिणींना कर्नाटकच्या मातृपूर्ण योजनेचं गरम जेवण अंगणवाडीत मिळतं. फक्त दवाखान्यातलं कुणी तरी ‘तिथं जा’ असं नाव घेऊन सांगायला हवं. आणि कागद समजायला हवा. मावशीला मराठीसुद्धा अडखळत वाचता येतं, तिच्या हातात कानडी फॉर्म. इथं बॉस्टनमध्ये केप व्हर्देच्या आजोबांना त्यांच्या बोलीतला दुभाषी अर्ध्या मिनिटात फोनवर मिळतो, आणि मावशीला स्वतःच्या गावात आशाताईची वाट बघावी लागते. आशाताई बिचारी दोन्ही भाषा बोलते, पण घरं किती बघणार!

आता मी महिन्याच्या पंचवीस तारखेला फोन करते. ‘जेवलीस का’ विचारत नाही. डब्यात काय आहे, ते विचारते. परवा तिनं सगळं सांगितलं, जोंधळं, हरभऱ्याची डाळ, अर्धा किलो तेल, आणि मग तिनंच विचारलं,

‘तुमच्या तिकडं बी जोंधळं संपत्यात व्हय?’

संपतात, म्हटलं. एकवीसला.